बुद्धिमत्तेच्या सिद्धांतांचा तो तक्ता काढून टाका: अभ्यास मंडळांना खुले पत्र

मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यास मंडळांचे सदस्य, पाठ्यपुस्तकांचे लेखक आणि प्रश्नपत्रिका काढणारे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

बुद्धिमत्तेच्या प्रकरणाच्या शेवटी बहुधा एक तक्ता असतो. डावीकडे नावे: स्पिअरमन, थर्स्टन, गिलफर्ड, कॅटेल, गार्डनर, स्टर्नबर्ग. उजवीकडे आकडे: दोन घटक, सात क्षमता, एकशे वीस क्षमता, दोन प्रकार, आठ बुद्धिमत्ता, तीन पैलू. त्याखाली स्वाध्याय: ‘बुद्धिमत्ता एक की अनेक? चर्चा करा.’ विद्यार्थी तक्ता पाठ करतो, उत्तरात उतरवतो, शेवटी ‘बुद्धिमत्ता ही बहुआयामी संकल्पना आहे’ असे वाक्य टाकतो आणि त्याला गुण मिळतात. त्या विद्यार्थ्याला सिद्धांतांची तुलना करता आली, असे आम्हाला वाटत नाही. हा तक्ता काढून टाकावा आणि त्याच्या जागी काय घालावे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

तक्त्याचा मूळ दोष असा की सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता आणि प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला, असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात चार्ल्स स्पिअरमन यांचा प्रश्न होता: एका विषयात पुढे असणारी मुले दुसऱ्या, वरवर काही संबंध नसलेल्या विषयातही पुढे का असतात? हॉवर्ड गार्डनर यांचा प्रश्न: वेगवेगळ्या समाजांनी मोलाची मानलेली कामे माणूस ज्या क्षमतांच्या जोरावर करतो, त्या एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत? रॉबर्ट स्टर्नबर्ग विचारतात, माणूस आपल्या परिस्थितीत यशस्वी होतो तो कशाच्या आधारे? जगन्नाथ प्रसाद दास आणि जॅक नाग्लिएरी विचारतात, एखादे काम करताना एकाच माणसाच्या मनात माहितीवर कोणकोणत्या प्रक्रिया घडतात? प्रश्नच चार असल्यावर उत्तरांतले आकडे एका रांगेत मांडून काय कळणार?

यातला एक भेद तर बहुतेक पुस्तकांतून पूर्णपणे निसटतो. घटक विश्लेषणावर, म्हणजे अनेक चाचण्यांच्या गुणांतले संबंध थोड्या सामाईक घटकांत गोळा करण्याच्या गणिती पद्धतीवर, उभे असलेले सिद्धांत माणसामाणसांतल्या फरकांविषयी बोलतात. एका माणसाच्या मनाची रचना ते सांगत नाहीत. समजा जगातल्या सर्व माणसांची स्मरणशक्ती तंतोतंत सारखी असती. स्मरणशक्तीवाचून कुणालाच विचार करता आला नसता, तरी घटक विश्लेषणात स्मृतीचा घटक दिसलाच नसता, कारण जिथे फरक नाही तिथे सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती प्रमाणात एकत्र वाढतात-घटतात हे सांगणारा आकडा, काढता येत नाही. म्हणून ‘स्पिअरमन यांच्या मते मनात सामान्य घटक आणि विशिष्ट घटक असे दोन भाग असतात’ हे छापील वाक्य चुकीचे आहे. ते दुरुस्त करायला एकच ओळ लागेल: ‘लोकांच्या चाचणीगुणांत जे फरक दिसतात, त्यांची विभागणी या दोन भागांत करता येते.’

आता स्पिअरमन यांचे म्हणणे प्रत्यक्ष आकड्यांत बघू. हा भाग आम्ही मुद्दाम सावकाश मांडतो आहोत, कारण पाठ्यपुस्तके नेमकी इथे घाई करतात.

चार चाचण्या घ्या. सामान्य घटकाचा, म्हणजे सगळ्या चाचण्यांत सामाईक असलेल्या ‘जी’चा, भार (चाचणीचा त्या घटकाशी असलेला सहसंबंध) पहिलीवर 0.9, दुसरीवर 0.8, तिसरीवर 0.7 आणि चौथीवर 0.6 आहे असे धरा. स्पिअरमन यांचे 1904 मधले प्रतिपादन खरे असेल, तर कोणत्याही दोन चाचण्यांमधला सहसंबंध म्हणजे त्यांच्या भारांचा गुणाकार. पहिली-दुसरी 0.72, पहिली-तिसरी 0.63, पहिली-चौथी 0.54, दुसरी-तिसरी 0.56, दुसरी-चौथी 0.48, तिसरी-चौथी 0.42. आता या सहा आकड्यांच्या तीन जोड्या लावा, प्रत्येक जोडीत चारही चाचण्या एकेकदा येतील अशा. 0.72 गुणिले 0.42, 0.63 गुणिले 0.48, 0.54 गुणिले 0.56. तिन्ही गुणाकार 0.3024. यांच्यातली वजाबाकी, म्हणजे चौकडी फरक, शून्य येतो. हीच स्पिअरमन यांची कसोटी होती. ती कागदावर दहा मिनिटांत करून दाखवता येते, आणि एकदा केली की ‘सामान्य घटक’ हा शब्द विद्यार्थ्याच्या दृष्टीने नुसती व्याख्या राहत नाही. शिवाय या सिद्धांताने स्वतःला धोक्यात घातले आहे, हेही त्याला दिसते. तीन गुणाकार वेगळे आले, तर दोन घटकांचा साधा सिद्धांत त्या चाचण्यांपुरता पडतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुस्तके नेमकी इथेच संपवतात. 1916 मध्ये गॉडफ्री थॉमसन यांनी दाखवले की सहसंबंधांची अशीच उतरंड सामान्य घटकाशिवायही तयार होते. त्यांची कल्पना अशी: मनात असंख्य लहान लहान, एकमेकांशी संबंध नसलेले दुवे आहेत आणि प्रत्येक चाचणी त्यांतले काही दुवे वापरते. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. एकूण 1000 दुवे धरा. पहिली चाचणी त्यांतले कोणतेही 810 वापरते, दुसरी 640, तिसरी 490, चौथी 360. निवड यादृच्छिक असेल, तर पहिली आणि दुसरी यांच्यात सामाईक दुवे सरासरी 518 येतील. सहसंबंध म्हणजे सामाईक दुवे भागिले दोन्ही संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ: 518 भागिले 720, म्हणजे 0.72. उरलेल्या पाच जोड्या अशाच करून बघा. 0.63, 0.54, 0.56, 0.48, 0.42. तोच तक्ता, अगदी दुसऱ्या दशांश स्थानापर्यंत.

म्हणजे एका सिद्धांतात सगळ्या चाचण्यांमागे एक सामाईक कारण आहे, दुसऱ्यात तसे काहीच नाही, आणि दोघांचे भाकीत तेच. हे ज्याला समजले, त्याला बुद्धिमत्तेच्या सिद्धांतांमधला सगळ्यात जुना वाद समजला. आमच्या मते या प्रकरणात शिकवण्यासारखे याहून महत्त्वाचे काही नाही, तरीही थॉमसन यांचे नाव फारच थोड्या पुस्तकांत सापडते.

हे प्रात्यक्षिक म्हणून करता येते. संगणकावरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये 200 ओळी आणि 100 रकाने घ्या. ओळी म्हणजे माणसे, रकाने म्हणजे दुवे. प्रत्येक चौकटीत 0 किंवा 1 देणारे यादृच्छिक आकड्याचे सूत्र भरा. मग लगेच सगळे आकडे कॉपी करून फक्त मूल्ये म्हणून चिकटवा. ही पायरी विसरली तर प्रत्येक नव्या सूत्रागणिक सगळे आकडे बदलत राहतात आणि विद्यार्थी गोंधळतात. त्यानंतर पहिल्या चाचणीसाठी 81 रकाने चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येक माणसाची बेरीज करा. दुसऱ्या चाचणीसाठी सगळ्या चिठ्ठ्या परत घालून 64, तिसऱ्यासाठी 49, चौथ्यासाठी 36. चार बेरजांमधले सहा सहसंबंध काढा. आकडे वर दिलेल्यांच्या आसपास येतील. माणसे 200च असल्यामुळे आणि निवडही नशिबाची असल्यामुळे 0.1 पर्यंतचा फरक सहज पडतो, लहान सहसंबंधांत जास्त. चूक होते ती बहुधा एकाच ठिकाणी. चिठ्ठ्यांचा कंटाळा येऊन कुणी पहिले 81 रकाने, पहिले 64 रकाने असे ओळीने घेतो. मग लहान चाचणी मोठीच्या पोटात पूर्ण बसते आणि पहिल्या दोन चाचण्यांचा सहसंबंध 0.72 ऐवजी 0.89 येतो. उतरंड बिघडते आणि ‘थॉमसन चुकले’ असा निष्कर्ष निघतो. चूक निवडीची असते.

मग निकाल कशाने लावायचा? सहसंबंधांचा नुसता तक्ता इथे पुरत नाही, त्याच्या बाहेरचा पुरावा लागतो. 2006 मध्ये हान व्हॅन डर मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी शक्यता मांडली: सुरुवातीला क्षमता स्वतंत्र असतात, पण वाढत्या वयात त्या एकमेकींना हात देतात. शब्दसंपत्ती वाढली की तर्काला साधने मिळतात, तर्क वाढला की नवे शब्द लवकर समजतात. हा विचार खरा असेल, तर त्याच मुलांची पुन्हा पुन्हा चाचणी घेतल्यावर एका क्षमतेची आधीची पातळी दुसरीच्या पुढच्या वाढीशी जोडलेली दिसायला हवी. किव्हिट आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 14 ते 25 या वयोगटात शब्दसंपत्ती आणि आकृत्यांवरचा तर्क यांच्यात तसे नाते दाखवले. कोव्हाक्स आणि कॉनवे यांचा 2016 मधला प्रक्रिया-व्याप्तीचा सिद्धांत थॉमसन यांच्या विचाराचाच पुढचा अवतार आहे. त्यात कार्यकारी स्मृती (माहिती क्षणभर मनात धरून तिच्यावर काम करणे) आणि अवधानावरचा ताबा या प्रक्रिया बहुतेक चाचण्यांत वापरल्या जातात, म्हणून सहसंबंध येतो. ‘जी’ हे कारण आहे की परिणाम, हा आज जिवंत वाद आहे. पाठ्यपुस्तकात मात्र तो 1904 मध्येच मिटून गेलेला असतो.

दुसरा गैरसमज थर्स्टन यांच्याबाबत. ‘स्पिअरमन यांना एक घटक सापडला, थर्स्टन यांना सात सापडले’ असे छापले जाते, जणू दोघांनी वेगवेगळ्या जमिनी खणल्या. थर्स्टन यांनी 1938 मध्ये 240 विद्यार्थ्यांना दिलेल्या 56 चाचण्यांवरून प्राथमिक मानसिक क्षमता मांडल्या. त्यांच्याच आकड्यांचे आयसेंक यांनी 1939 मध्ये पुन्हा विश्लेषण केले, तर सामान्य घटक दिसला. हे कसे होते?

पुन्हा चार चाचण्या घ्या, दोन भाषेच्या, दोन अंकांच्या. एका पद्धतीने घटक काढले तर चारही चाचण्यांवर पहिल्या घटकाचा भार 0.7 आणि दुसऱ्याचा भार भाषेवर अधिक 0.4, अंकांवर उणे 0.4. हे वाचून म्हणावेसे वाटते की एक सामान्य घटक आहे आणि शिवाय भाषा विरुद्ध अंक असा कल आहे. आता अक्ष, म्हणजे घटकांच्या दिशा, 45 अंशांनी फिरवा. भाषेच्या चाचण्यांवर भार 0.78 आणि 0.21, अंकांच्या चाचण्यांवर 0.21 आणि 0.78. आता सामान्य घटक नाहीसा. एक भाषिक क्षमता, एक अंकक्षमता. दोन्ही उत्तरांतून सहसंबंध परत काढून बघा: भाषा-भाषा 0.65, अंक-अंक 0.65, भाषा-अंक 0.33. काहीही फरक नाही. अक्ष कुठे ठेवायचे हे आकडे सांगत नाहीत, संशोधक ठरवतो. थर्स्टन यांनी ‘सरल रचने’चा निकष लावला, म्हणजे प्रत्येक चाचणीवर शक्यतो थोड्याच घटकांचा भार यावा. निकष वाजवी आहे, पण तो निकष आहे, शोध नव्हे. पुढे त्यांनीच अक्षांना काटकोनात राहण्याची सक्ती सोडली, तेव्हा प्राथमिक क्षमतांमध्येच सहसंबंध दिसले आणि 1941 मध्ये त्यांच्या वर दुसऱ्या पातळीवरचा सामान्य घटक मान्य करावा लागला. हा शेवटचा भाग पुस्तकात न दिल्यामुळे स्पिअरमन आणि थर्स्टन अजूनही एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले दिसतात.

नमुना कोणाचा, हाही प्रश्न इथेच विचारायला हवा. विद्यापीठात निवड होऊन आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये फरकांचा पल्ला आखडलेला असतो. सर्वसाधारण लोकसंख्येत दोन चाचण्यांचा सहसंबंध 0.60 असेल आणि एका चाचणीवर निवड करून प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) निम्म्यावर आणले, तर तोच सहसंबंध सुमारे 0.35 होतो. सहसंबंध घसरले की घटक स्वतंत्र भासू लागतात. म्हणून ‘अनेक स्वतंत्र क्षमता’ सापडल्याचा दावा आला, की आधी नमुन्याचा पल्ला बघायचा, ही सवय विद्यार्थ्याला लावा.

गिलफर्ड यांच्यावर इतकी पाने का खर्च होतात, ते आम्हाला समजत नाही. चार आशय, पाच क्रिया, सहा निष्पत्ती, म्हणून 120 क्षमता. पुढे 150, पुढे 180. घनाकृती सुरेख दिसते, परीक्षेला काढायला सोपी. पण त्या घटकांचे पुरावे ज्या पद्धतीने मिळवले, तीत आधी ठरवलेल्या साच्याकडे अक्ष ओढले जात. 1973 मध्ये हॉर्न आणि नॅप यांनी त्याच पद्धतीला यादृच्छिक रीतीने बनवलेले साचे दिले, तर त्यांनाही जवळपास तितकाच पाठिंबा मिळाला. कोणत्याही साच्याला होकार देणारी पद्धत कुठल्याच साच्याचा पुरावा ठरत नाही. अपसारी विचाराची (एका प्रश्नाची अनेक वेगवेगळी उत्तरे शोधण्याची) कल्पना गिलफर्ड यांची मोलाची देणगी आहे. ती सर्जनशीलतेच्या प्रकरणात द्या. घनाकृतीला अर्धे पान पुरे.

कॅटेल यांची प्रवाही आणि स्फटिकी बुद्धिमत्ता ही जोडी मात्र तक्त्यात सगळ्यात कमी जागा मिळवते, आणि पुराव्याच्या दृष्टीने ती सगळ्यात भक्कम आहे. कारण इथे घटक विश्लेषणाबाहेरचा पुरावा आहे. नव्या, अनोळखी कोड्यांवरचा तर्क, म्हणजे प्रवाही बुद्धिमत्ता, तारुण्यानंतर हळूहळू उतरणीला लागतो. शब्दसंपत्ती आणि साठवलेले ज्ञान, म्हणजे स्फटिकी बुद्धिमत्ता, साठीपर्यंत टिकते, वाढतेही. जेम्स फ्लिन यांनी 1987 मध्ये 14 देशांतले पिढ्यांमधले बदल मांडले, तेव्हाही हाच भेद उठून दिसला: रेव्हन यांच्या आकृतिबंधांसारख्या चाचण्यांवरची वाढ मोठी, शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींच्या जवळ असलेल्या चाचण्यांवर कमी. दोन गोष्टी वयानुसार आणि काळानुसार वेगळ्या वागतात, म्हणून त्या दोन. तुलना करायची ती अशी.

इथेही एक जोडकाम पुस्तकांत खपून जाते. ‘कॅटेल-हॉर्न-कॅरोल सिद्धांत’ असे एका दमात लिहिले की तिघांचे एकमत होते असे वाटते. जॉन कॅरोल यांनी 460 हून अधिक आकडेसंच पुन्हा तपासून 1993 मध्ये तीन स्तर मांडले आणि सर्वांत वर सामान्य घटक ठेवला. जॉन हॉर्न यांना तो वरचा स्तर मान्य नव्हता. भर म्हणून गुस्टाफसन यांनी 1984 मध्ये दाखवले की वरचा सामान्य घटक आणि प्रवाही बुद्धिमत्ता यांच्यातला फरकच पुसला जातो, म्हणजे एकाचा दुसरीवरचा भार जवळजवळ पूर्ण 1 येतो. हे तिन्ही मुद्दे दिलेत, तर विद्यार्थ्याला एका सिद्धांताच्या पोटातला वाद दिसेल. आजच्या बहुतेक व्यक्तिगत बुद्धिमापन चाचण्या याच चौकटीवर बेतलेल्या आहेत, त्यामुळे हे पुस्तकी भांडणही नाही. उदाहरणार्थ, 2014 मध्ये आलेली मुलांची वेक्सलर चाचणी पाच निर्देशांक देते: शाब्दिक आकलन, दृश्य-अवकाशीय, प्रवाही तर्क, कार्यकारी स्मृती आणि प्रक्रियेचा वेग. अहवालात एकूण बुद्ध्यांकावर भर द्यायचा की पाच निर्देशांकांवर, हे हॉर्न बरोबर की कॅरोल, यावर अवलंबून आहे.

गार्डनर यांच्याविषयी आम्हाला थोडे सविस्तर आणि तळमळीने सांगायचे आहे, कारण शाळांमध्ये सगळ्यात जास्त नुकसान याच ठिकाणी होते, आणि ते सिद्धांतामुळे कमी, त्याच्या वापरामुळे जास्त.

1983 मध्ये सात बुद्धिमत्ता, पुढे निसर्गविषयक आठवी. गार्डनर यांनी घटक विश्लेषण केले नाही. त्यांनी आठ निकष लावले. मेंदूच्या इजेत ती क्षमता एकटी जाते किंवा एकटी उरते का, त्या एकाच क्षेत्रात असामान्य असणारी माणसे आढळतात का, तिची स्वतःची मूलक्रिया आहे का, तिचा विकासक्रम आणि उत्क्रांतीतला माग दिसतो का, प्रयोगांतून आणि मापनातून आधार मिळतो का, तिची चिन्हव्यवस्था आहे का. पुस्तके आठ बुद्धिमत्तांची नावे देतात, आठ निकष देत नाहीत. म्हणजे निवाडा छापतात आणि ज्या कायद्याखाली तो दिला तो गाळतात. निकष दिले की त्यांतली खरी अडचणही दाखवता येते: आठांपैकी किती निकष पुरे झाले म्हणजे बुद्धिमत्ता म्हणायचे, याचा ठाम नियम नाही. 2006 मध्ये व्हिसर, अॅश्टन आणि व्हर्नन यांनी 200 प्रौढांना आठ क्षेत्रांतल्या प्रत्येकी दोन चाचण्या दिल्या. भाषा, तर्क-गणित, अवकाश, निसर्ग, इतरांची समज यांवर सामान्य घटकाचा ठळक भार आला. शारीरिक हालचाल, संगीत आणि स्वतःची समज यांवर कमी. गार्डनर यांचे उत्तर असे की कागदी चाचणीत भाषा आणि तर्क लागतातच, म्हणून सहसंबंध येतो. आक्षेपात दम आहे. पण मग कोणते माप योग्य ते सिद्धांताने सांगायला हवे, एरवी कुठलाच निकाल त्याच्या विरुद्ध जाऊ शकणार नाही.

वर्गात काय होते ते बघा. मुलांना पन्नास-साठ विधानांची प्रश्नावली दिली जाते: ‘मला गाणी ऐकायला आवडतात’, ‘मला कोडी सोडवायला आवडतात’, ‘मला मित्रांबरोबर काम करायला आवडते’. खुणांची बेरीज करून मुलाला सांगतात, तुझी सांगीतिक बुद्धिमत्ता जास्त, तार्किक कमी. हे क्षमतेचे मापनच नाही, आवडीची नोंद आहे. गाणी आवडणाऱ्याला सूर ओळखता येतो का, हे सूर ऐकवल्याशिवाय कसे कळणार? फ्रॉइंड आणि कास्टन यांनी 2012 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर माणसाचा स्वतःच्या बुद्धीविषयीचा अंदाज आणि चाचणीतली कामगिरी यांचा सहसंबंध सरासरी 0.33 इतकाच होता. तेही थेट अंदाज विचारलेला असताना. इथे तर आवड विचारलेली असते. याच्यापुढची पायरी आणखी वाईट: ‘हा दृश्य पद्धतीने शिकणारा, हा श्रवण पद्धतीने’ अशी वर्गवारी करून बहुविध बुद्धिमत्तेच्या नावावर खपवतात. गार्डनर यांनी स्वतः स्पष्ट केले आहे की त्यांचा सिद्धांत म्हणजे अध्ययनशैली नव्हे. शैलीनुसार शिकवल्याने जास्त शिकता येते, या दाव्याचा 2008 मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी धांडोळा घेतला, तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून ती प्रश्नावली परिशिष्टासकट काढावी. दहा वर्षांच्या मुलाला ‘तुझी तार्किक बुद्धिमत्ता कमी’ असे खुणांची बेरीज करून सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

स्टर्नबर्ग यांचा 1985 चा सिद्धांत विश्लेषक, सर्जनशील आणि व्यावहारिक असे तीन पैलू मांडतो. व्यावहारिक शहाणपणाचे मापन व्हावे हा आग्रह योग्यच. पण तीन पैलू खरोखर वेगळे आहेत की चाचण्यांचे स्वरूप वेगळे असल्यामुळे तसे भासतात, हे तपासावे लागते, आणि त्यांच्याच चाचणीतले तीन गुण एकमेकांशी बऱ्यापैकी जोडलेले आहेत, हा नेथन ब्रॉडी यांचा 2003 मधला आक्षेप विद्यार्थ्यासमोर ठेवा. दास आणि नाग्लिएरी यांचा नियोजन, अवधान, युगपत (एकदम) आणि क्रमिक (एकामागून एक) प्रक्रिया हा विचार अलेक्झांडर लुरिया यांच्या मेंदूविषयक कामावरून आला. त्यात मूल का अडते याकडे लक्ष आहे, म्हणून अध्ययन अक्षमतेच्या संदर्भात तो कामाचा. मात्र 2001 मध्ये कीथ, क्रान्झलर आणि फ्लॅनगन यांना त्यावरच्या चाचणीत नियोजन आणि अवधान वेगळे करता आले नाहीत. भावनिक बुद्धिमत्तेबाबत एकच सांगणे: सॅलोव्हे आणि मेयर यांनी 1990 मध्ये मांडलेली क्षमता आणि 1995 नंतर लोकप्रिय झालेली, स्वभावगुणांचीही भर घातलेली कल्पना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका मथळ्याखाली घालू नका.

बुद्ध्यांकाचे पानही तपासा. बुद्ध्यांक बिने यांनी काढला असे लिहिलेले असते. बिने आणि सिमॉन यांनी 1905 मध्ये 30 कृतींची श्रेणी केली, 1908 मध्ये मानसिक वय आणले. मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय ही कल्पना विल्यम स्टर्न यांची, 1912 ची; 100 ने गुणण्याची रीत टर्मन यांनी केलेल्या बिने श्रेणीच्या 1916 च्या आवृत्तीने रूढ केली. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा, म्हणून 125, हे उदाहरण द्या, पण लगेच पुढे हेही द्या: मानसिक वय विशीच्या आसपास थांबते, मग त्याच सूत्राने चाळिशीच्या सर्वसामान्य माणसाचा बुद्ध्यांक 50 येईल. म्हणूनच वेक्सलर यांनी 1939 पासून ते सूत्र सोडून समवयस्कांच्या सरासरीपासूनचे अंतर मोजले. सरासरी 100, प्रमाण विचलन 15. जुने सूत्र आज कोणतीही प्रमुख चाचणी वापरत नाही, पण परीक्षेत अजून तेच गणित येते. त्याऐवजी मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण योगायोगाने साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, विचारा. विश्वसनीयता, म्हणजे चाचणीच्या निकालातले सातत्य, 0.91 असेल तर 1 उणे 0.91 म्हणजे 0.09, त्याचे वर्गमूळ 0.3, गुणिले 15 म्हणजे 4.5. बुद्ध्यांक 104 आला तर 95 टक्के खात्रीची पट्टी, दोन्ही बाजूंना त्या 4.5 च्या सुमारे दुप्पट, साधारण 95 ते 113. आणि दोन निर्देशांकांची विश्वसनीयता तेवढीच असेल, तर त्यांच्यात 12-13 गुणांहून कमी फरक असताना ‘याचा तर्क चांगला, स्मृती कच्ची’ असे लिहिता येत नाही. हे गणित अवघड नाही, आणि उद्या अहवाल लिहिणाऱ्याला ते रोज लागेल.

तक्त्याच्या जागी काय? प्रत्येक सिद्धांताला चार प्रश्न विचारा: कोणत्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, पुरावा कुठल्या प्रकारचा आणि कुणाकडून घेतला, हा सिद्धांत खरा असेल तर काय दिसता कामा नये, आणि त्यावरून मूल किंवा प्रौढ माणसाविषयी कोणता निर्णय घेता येतो. तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळ सिद्धांत अडखळतील. तसे पुस्तकात लिहा.

प्रश्नपत्रिकेसाठी नमुना देतो, 10 गुणांचा. चार चाचण्या, दोन भाषेच्या, दोन अंकांच्या. दोन्ही भाषेच्या चाचण्यांत सहसंबंध 0.65, दोन्ही अंकांच्या चाचण्यांत 0.65, उरलेल्या चारही जोड्यांत 0.33. पहिला भाग, 3 गुण: चौकडीचे तीन गुणाकार काढा. उत्तर 0.4225, 0.1089, 0.1089. दुसरा, 2 गुण: स्पिअरमन यांचा दोन घटकांचा सिद्धांत इथे टिकतो का? टिकत नाही, कारण गुणाकार समान नाहीत. भाषेचा आणि अंकांचा आपापला गटघटक मानावा लागतो. तिसरा, 2 गुण: हे सहसंबंध देणारे भारांचे दोन वेगळे संच दाखवा. चौथा, 3 गुण: या आकड्यांवरून बुद्धिमत्ता एक की दोन हे सांगता येईल का? चौथ्या भागाला ‘एक’ किंवा ‘दोन’ एवढ्याच उत्तराला शून्य गुण द्यावेत. अक्ष फिरवल्याने आकडे बदलत नाहीत हे लिहिले तर एक गुण, आणि निकालासाठी वयानुसार बदल, पुन्हा पुन्हा घेतलेली चाचणी किंवा मेंदूची इजा यांपैकी कोणता पुरावा लागेल आणि तो कोणत्या बाजूला झुकला तर काय ठरेल, हे सांगितले तर उरलेले दोन.

आपले,
मनोमापन आणि संख्याशास्त्र शिकवणारे अध्यापक